पाचास एक: मथळ्याचे ठळक तिरपे अक्षर कसे घडवावे, कुठे वापरावे

ठळक तिरपा फॉन्ट विकत घेतलेला असो वा स्वतः घडवायला घेतलेला, त्यात पहिला शब्द ‘गुऱ्हाळ’ लिहून पाहावा. एवढ्याशा शब्दात देवनागरीची निम्मी अडचण भरलेली आहे. ग चा सुटा दंड आहे, त्याखाली उकार आहे, मराठीचा खास अर्धा ऱ आहे, कमी उंचीत तीन वळणे घेणारा ह आहे, काना आहे आणि शेवटी दोन पाकळ्यांचा ळ आहे. हा शब्द दहा फुटांवरून स्वच्छ वाचता आला तर बाकीची अक्षरे सांभाळता येतात. इथे काळा गोळा झाला, तर त्या फॉन्टमध्ये ‘कोल्हापूर’ कितीही देखणे दिसो, तो बोर्डासाठी घेऊ नये.

रोमन लिपीतले बोल्ड इटालिक डिस्प्ले सेरिफ, म्हणजे रेषांच्या टोकांना छोटे पाय (सेरिफ) असलेले मथळ्याचे ठळक तिरपे अक्षर, कसे आले हे आधी समजून घ्यावे. इटालिक म्हणजे सरळ अक्षराला दिलेला धक्का नव्हे. व्हेनिसच्या आल्डुस मानुटियुसने १५०१ मध्ये व्हर्जिलच्या काव्याची आवृत्ती छापली ती फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरलेल्या इटालिक खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांत. ते खिळे त्या काळच्या विद्वानांच्या भरभर चालणाऱ्या हस्ताक्षरावरून घेतले होते. म्हणजे तिरपेपणा लिहिण्याच्या वेगातून आला. ठळकपणा पुष्कळ नंतरचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये रॉबर्ट थॉर्नसारख्या खिळे ओतणाऱ्यांनी भिंतीवरच्या जाहिरातींसाठी ‘फॅट फेस’ अक्षरे काढली. त्यांत उभा दंड अतिजाड आणि आडवी रेघ केसाएवढी. आजचे ठळक तिरपे मथळ्याचे सेरिफ या दोन्ही घराण्यांतून उतरले आहे. वळण हस्ताक्षराचे, वजन जाहिरातीचे.

देवनागरीत सेरिफ नाही. त्याच्या जागी बोरूचा काप आहे: दंडाचे टोक कसे कापले गेले, वळण कुठे फुगले, कुठे निमुळते झाले. म्हणून देवनागरीत ‘सेरिफ’ आणायचा म्हणजे दंडाला रोमनसारखे पाय चिकटवायचे नाहीत. जाड-बारीक रेषेचा फरक आणि कापलेली टोके ठेवली की काम झाले. तिरपेपणा तर आपल्याला मुळीच परका नाही. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. आधी आखून घेतलेली शिरोरेषा, आणि तिच्याखाली उजवीकडे झुकत, हात शक्य तितका न उचलता धावणारी अक्षरे. तिरपी देवनागरी घडवताना रोमन इटालिकपेक्षा हा मोडीचा हात डोळ्यांसमोर ठेवावा.

कल किती

पाचास एक. पाच माप वर गेले की एक माप उजवीकडे. अंशांत हे सव्वाअकरा ते साडेअकराच्या दरम्यान येते. भिंतीवर रंगवणाऱ्याला अंश मोजायची गरज नाही. पंधरा इंच उंचीच्या अक्षराला तीन इंच कल, हे टेपने मोजता येते.

आठास एक घेतला तर अक्षर तिरपे केले आहे की बोर्ड वाकडा लागला आहे, हे कळत नाही. तीनास एक घेतला तर अक्षर पडते. रोमनमध्ये एवढा कल खपतो, कारण तिथे वर शिरोरेषा नाही. आपल्याकडे शिरोरेषा आडवी राहते आणि दंड तिच्याशी कोन करतो. दंडाच्या डाव्या बाजूला हा कोन लघुकोन होतो, आणि व, ब, प, ष यांची पोकळी नेमकी त्याच बाजूला असते. कल वाढवला की ती पोकळी वरच्या कोपऱ्यात चिमटली जाते आणि छपाईत शाईने भरते. चारास एकच्या पुढे जाऊ नये.

तिरपे करण्याचे बटण का वापरू नये

कोरलड्रॉमध्ये स्क्यू करता येते, म्हणजे अक्षर यंत्राने तिरपे ढकलता येते, वर्डमध्ये ‘आय’चे बटण असते. सरळ ठळक फॉन्ट घेऊन ते दाबले की काय होते, हे आकड्यांत पाहावे.

देवनागरीचा बोरू रोमनच्या टाकाच्या उलट्या बाजूने कापतात. त्यामुळे आपल्या वळणांत वर-डावीकडचा आणि खाली-उजवीकडचा भाग जाड येतो, आणि वर-उजवीकडचा व खाली-डावीकडचा भाग बारीक. रोमन ओ मध्ये याच्या उलट असते. आता यंत्राने पाचास एक कल दिला, की उजवीकडे झुकणारी पंचेचाळीस अंशांची रेषा साडेनऊ टक्के बारीक होते आणि डावीकडे झुकणारी दहा टक्के जाड होते. उभा दंड दोन टक्के बारीक होतो. म्हणजे १८० एकक (फॉन्टमधले माप; अक्षराची चौकट हजार एककांची) जाडीचे वळण १६३ वर येते, १६० चा दंड १५७ वर येतो आणि २६ ची बारीक रेघ २९ वर जाते. देवनागरीत जे जाड हवे तेच यंत्र खाते आणि जे बारीक हवे ते फुगवते. अक्षर मऊ, फुगीर दिसू लागते ते यामुळे. रोमनमध्ये हाच धक्का जाड-बारीक फरक उलट वाढवतो. म्हणून रोमनवर चालून गेलेली युक्ती देवनागरीवर फसते.

हाताने लिहिताना नेमके उलटे घडते. बोरू पंचेचाळीस अंशांत धरून १२ मिलिमीटर रुंदीच्या कापाने सरळ दंड ओढला तर तो साडेआठ मिलिमीटर येतो. बोरूचा कोन न बदलता तोच दंड पाचास एक तिरपा ओढला तर दहा मिलिमीटर येतो. यंत्र दंड बारीक करते, बोरू जाड करतो. तिरप्या ठळक देवनागरीत जो जोर असतो तो इथून येतो आणि बटण दाबून तो कधीच मिळत नाही.

कागदावर

अक्षराची उंची, म्हणजे दंडाच्या तळापासून शिरोरेषेच्या वरच्या कडेपर्यंत, ४० मिलिमीटर धरा. बोरू १२ मिलिमीटरचा. एवढ्या रुंदीचा बोरू नसेल तर बांबूची चपटी काडी कापून घ्या, किंवा दोन पेन्सिली मध्ये लाकडाचा तुकडा ठेवून रबरबँडने बांधा. टोकांमधले अंतर १२ मिलिमीटर ठेवले की रेषेच्या दोन्ही कडा एकाच वेळी उमटतात, आणि कुठे जाडी चढते-उतरते ते भरीव रेषेपेक्षा अधिक स्पष्ट दिसते. कागद गुळगुळीत हवा; खडबडीत कागदावर बारीक रेघ फाटते.

दोन आडव्या रेघा आखा. मग वरच्या रेघेवर ८ मिलिमीटर उजवीकडे सरकवून तिरप्या रेघा, दर दोन सेंटिमीटरला एक. बोरू तिरप्या रेघेबरोबर फिरवायचा नाही. त्याचा कोन आडव्या रेघेशीच पंचेचाळीस राहतो, हात मात्र तिरप्या रेघेवरून खाली येतो. नवशिक्याची चूक इथेच होते: कल आला की मनगटही वळते, आणि मग पानभर प्रत्येक दंड वेगळ्या जाडीचा निघतो.

आधी न, काना, प, व हे चार गिरवा. पन्नास वेळा. यांतून दंड, पोट, गाठ आणि टोक ठरते. मग क, र, म, ह, ल, ळ. ल आणि श मराठी घ्या: पाकळीयुक्त ल, देठयुक्त श. राज्य शासनाच्या २०२२च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपे धरली आहेत. हिंदी वळणाचा ल मराठी बोर्डावर सामान्य वाचकालाही खटकतो, जरी काय खटकले ते त्याला सांगता आले नाही तरी. एखाद्या दुकानाच्या नावापुरते अक्षर हवे असेल तर अख्खा फॉन्ट करत बसू नका, त्या नावाची अक्षरे तेवढी काढा.

संगणकावर वजन बसवणे

कागद ६०० डीपीआयला स्कॅन करा, फॉन्टफोर्ज किंवा ग्लिफ्स या फॉन्ट घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मागे ठेवा. हजार एककांच्या चौकटीत ४० मिलिमीटरची उंची ६४० एकक धरली की दंड १६० येतो, म्हणजे उंचीच्या पाव. पोटाचे जाड वळण बोरूने १९० च्या आसपास येईल. ते १८० वर आणा, नाहीतर गोल अक्षरे दंडाच्या अक्षरांपेक्षा काळी दिसतात. बारीक रेघ २६. शिरोरेषा बोरूप्रमाणे १३५ च्या घरात येते, ती मात्र मुद्दाम ९० वर उतरवा. जाड शिरोरेषेने ओळीवर डांबराचा पट्टा ओढल्यासारखे होते आणि नजर अक्षराच्या पोटात उतरतच नाही.

न, म, भ, ग यांच्या गाठींत भोक ठेवायचा मोह सोडा. या वजनात ते भोक आठ-दहा एककांचे उरते, छापताना काही गाठींत भरते आणि काहींत उरते. सगळ्या गाठी थेंबासारख्या भरीव करा. एकसारखेपणा येतो आणि वजनही बसते.

भ आणि म, ध आणि घ यांचा फरक शिरोरेषेतल्या खंडावर उभा आहे. ठळक अक्षरात आधी मरतो तो हा खंड. मागच्या अक्षराची शिरोरेषा पुढे येऊन त्याला मिळते आणि ‘धनगर’ चे ‘घनगर’ होते. भ आणि ध च्या डोक्यावर निदान ५० एकक मोकळे ठेवा. ब आणि ष च्या पोटातली तिरपी रेघ बारीक रेघेएवढीच ठेवा, टोकांशी थोडी निमुळती. ख चे ‘रव’ होऊ नये म्हणून र चा पाय व च्या पोटाला नीट जोडलेला हवा.

ह साठी हिशेब लागतो. ६४० च्या उंचीत शिरोरेषा, मान आणि तीन वळणे बसवायची; प्रत्येक वळण पूर्ण जाडीचे घेतले तर पांढरे उरतच नाही. म्हणून ह मध्ये एकच वळण १६० चे ठेवा, बाकीची ७० ते ९० वर. क्ष, ज्ञ, द्ध, ह्म, ष्ट्र यांनाही हेच. प्रत्येक अक्षराला दंडाएवढा काळेपणा मिळालाच पाहिजे असा हट्ट धरू नका, शब्दाचा काळेपणा सारखा हवा. जिथे दोन जाड रेषा भेटतात तिथे आत पांढरी खाच मारा, २० ते ३० एकक खोल. पडद्यावर ती ओबडधोबड दिसते. छापल्यावर शाई तिथे पसरते आणि कोपरा स्वच्छ येतो.

अंतर पाहायला ‘नाना’ लिहा. दोन दंडांमधली पांढरी जागा दंडाच्या जाडीहून थोडी कमी, १३० ते १४०, ठेवली की मथळा घट्ट बसतो. शिरोरेषा दोन्ही बाजूंना दहा-पंधरा एकक बाहेर काढा, म्हणजे शेजारच्या अक्षरांत खाच दिसणार नाही.

मात्रांचे स्थान

तिरपेपणात बहुतेक फॉन्ट बिघडतात ते मात्रांपाशी. अक्षर झुकले, पण अनुस्वाराचा जोडबिंदू, म्हणजे तो अक्षराला जिथे जोडला जातो ती जागा, सरळ फॉन्टमधल्यासारखाच राहिला, तर ‘रंकाळा’ आणि ‘पंचगंगा’ मधले टिंब मागे पडल्यासारखे दिसते. नियम सोपा: तळापासून जितकी उंची, तिच्या एक पंचमांश उजवीकडे. ८०० एककांवर बसणारा अनुस्वार दंडाच्या तळापेक्षा १६० उजवीकडे. खाली हेच उलटे: २०० खोल असलेला उकार ४० डावीकडे. ‘कोल्हापूर’ मधला पू तपासा. ऊकाराची शेपटी प च्या दंडाच्या कलावरच खाली उतरली पाहिजे.

सगळे अक्षर तळाच्या रेषेवरून झुकवले तर ते आपल्या चौकटीतून उजवीकडे सरकते. म्हणून उंचीच्या मध्यावरून, ३२० एककांवरून झुकवा. मग वर ६४ उजवीकडे, खाली ६४ डावीकडे, आणि बाजूची अंतरे फार हलत नाहीत.

ऱ्हस्व वेलांटीला किमान चार-पाच लांबीची रूपे लागतात. र ला आखूड, क ला लांब, ‘स्थि’ ला त्याहून लांब. तिचे टोक अक्षराच्या दंडावर पोचले पाहिजे, आणि दंड आता झुकलेला असल्यामुळे शिरोरेषेपाशी तो कुठे आहे हे पाहून लांबी ठरवा. अनुस्वार गोल नको, बोरूच्या कापाचा चौकटीसारखा घ्या, दंडापेक्षा किंचित मोठा, १७५ च्या आसपास. रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकावर एक येतात अशा ‘मूर्तींना’सारख्या शब्दांसाठी वरच्या खुणांचे वेगळे, बुटके एकत्र रूप काढा. रु, रू, हृ, शृ ही खास रूपे विसरू नका. ॲ आणि ऑ हवेतच. ‘ॲकॅडमी’ आणि ‘ऑटो’ नसलेला रस्ता आता शहरात सापडणार नाही.

उभ्या रचलेल्या जोडाक्षरांऐवजी अर्ध्या रूपांवर भर दिला तर मराठीपुरता फॉन्ट तीन-चारशे आकृत्यांत होतो, आणि मथळ्याच्या वजनाला आडवी जोडाक्षरे शोभतातही.

सोबतचे रोमन

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दुकानाला इंग्रजी नावही हवे असते. रोमन बाजूला खरे इटालिक काढा: ए एकमजली, एफ ची शेपटी रेषेखाली उतरलेली, एन आणि एम यांना सपाट पायांऐवजी आत येणारी व बाहेर जाणारी केसरेघ. एन ची कमान दंडाच्या बऱ्याच खालून फुटू द्या आणि तिथे पांढरी पाचर ठेवा, कारण ठळक इटालिकमध्ये शाई पहिल्यांदा भरते ती तिथे. मोठ्या (कॅपिटल) अक्षरांची उंची देवनागरीच्या शिरोरेषेएवढी, दंड १६५ च्या आसपास. कल तोच ठेवा, पाचास एक. वेगळा कल एका ओळीत आला की दोन माणसे दोन दिशांना ओढताहेत असे दिसते. जाड-बारीकचा अक्ष मात्र एक करायला जाऊ नका. दोन्ही लिप्यांचे बोरू वेगळे आहेत आणि तो फरक डोळ्याला टोचत नाही.

शेपट्या असलेली मोठी अक्षरे शब्दाच्या सुरुवातीला एकच. अख्खे नाव अशा अक्षरांत लिहिले तर ते वाचताच येत नाही.

फॉन्ट हातात आल्यावर

मराठीचे युनिकोड अक्षर जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फुटते, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमधला भारतीय लिप्या नीट जोडणारा कंपोझर (इनडिझाइनमध्ये त्याचे नाव वर्ल्ड-रेडी) चालू करा. अक्षरांमधले अंतर वाढवू नका. शिरोरेषा तुटते आणि मथळा फणीच्या दातांसारखा दिसतो. जागेत बसत नाही म्हणून आडवा दाबूही नका. सत्तर टक्के रुंदीवर दाबला की १६० चा दंड ११२ होतो, शिरोरेषा ९० चीच राहते, आणि ज्यासाठी एवढी मेहनत केली तो जाड-बारीकचा तोल जातो. शब्द कमी करा किंवा दोन ओळी करा. दोन ओळींत पहिलीचा उकार दुसरीच्या वेलांटीवर आदळत असेल तर ओळी दूर नेण्याआधी खालची ओळ अर्ध्या अक्षराने सरकवून पाहा. तिरप्या मथळ्याला पायऱ्यांसारखी मांडणी शोभते.

बाहेरून किनार द्यायची असेल तर आधी अक्षरांचे कर्व्ह करा, म्हणजे मजकुराच्या नुसत्या आकृत्या करा, मग वेल्ड करून त्या आकृत्या एकसंध जोडा आणि त्यानंतर किनार. वेल्ड विसरले की प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेषेत उभी रेघ उमटते. लक्ष्मीपुरी-शाहूपुरीत फिरताना अशा रेघा असलेले फ्लेक्स पावलोपावली दिसतात, आणि दुरुस्ती अवघ्या दोन क्लिकची असते. किनार अक्षराच्या मागे ठेवा. ती रेषेच्या मध्यावर राहिली तर निम्मी आत येते आणि २६ ची बारीक रेघ गिळून टाकते. कर्व्ह करण्याआधीची लिहिता येणारी फाइल वेगळी ठेवा, आणि कर्व्ह झाल्यावर शब्द पुन्हा एकदा मोठ्याने वाचा.

कुठे किती मोठे

बारीक रेघ उंचीच्या पंचविसाव्या भागाहून थोडी अधिक आहे. सगळी मापे यावरून निघतात. कटरवर रेडियम कापताना दोन मिलिमीटरहून बारीक पट्टी सोलताना तुटते, म्हणून अक्षराची उंची किमान दोन इंच. छापील कामात काळ्यावर पांढरे अक्षर सोडताना बारीक रेघ निदान ०.३ मिलिमीटर हवी. ती साधारण ३३ पॉइंटला मिळते, म्हणून ३६ च्या खाली उतरू नका. एलईडीच्या पेटी-अक्षरांत तीस मिलिमीटरहून अरुंद भागात दिवे बसवणे अवघड जाते. या हिशेबाने अक्षर जवळजवळ अडीच फूट उंच लागेल. म्हणून फॉन्ट घडवतानाच दुसरे दणकट रूप करून ठेवा, ज्यात बारीक रेघ ६० ची असेल. त्यात पेटी-अक्षर तेरा इंचांत होते आणि रेडियम एका इंचात. राउटरवर (फिरत्या पात्याने कापणाऱ्या यंत्रावर) कापायच्या अक्षरांसाठी तीन मिलिमीटरच्या बिटने, म्हणजे पात्याने, आतले कोपरे दीड मिलिमीटर त्रिज्येने गोल होतात हे धरून चाला; शाईसाठी मारलेल्या खाचा अशा कामात काढून टाका, तिथे त्या निव्वळ भोके दिसतात.

वाचण्याच्या अंतराचा पेंटर लोकांचा अंदाज दहा फुटांना एक इंच असा आहे. चाळीस फुटांचा रस्ता ओलांडून वाचायचे तर चार इंच अक्षर. पण ही उंची शिरोरेषेपर्यंतची. वर वेलांटी आणि खाली उकार धरला की पट्टी पावणेदोन पट लागते, म्हणजे सात इंच. चार इंचांची पट्टी मागवून मग उकार कापायची वेळ येते ती हा हिशेब न केल्यामुळे.

दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स प्रत्यक्ष मापात ७२ डीपीआयने ८६४० बाय ६९१२ पिक्सेल होतो आणि तेवढे पुरते. अक्षरे मात्र चित्रात विरघळवू नका, कर्व्हच ठेवा. भगव्या-पिवळ्या चढत्या रंगावर पिवळी अक्षरे टाकली की बारीक रेघा अर्ध्या वाटेत नाहीशा होतात. सपाट गुलाली किंवा गडद लाल जमीन, त्यावर पांढरे अक्षर: हे लांबून टिकते.

हे अक्षर ओरडून सांगणारे आहे. खासबागेतल्या जंगी कुस्त्या, फुटबॉलची फायनल, यात्रा, मिसळीचे नाव, गुळाच्या व्यापाऱ्याची पाटी, इथे ते शोभते. दोन ते चार शब्द, पानावर एकदाच. पत्ता, फोन नंबर, दरपत्रक, आयोजकांच्या नावांची यादी सरळ आणि साध्या जाडीच्या अक्षरात ठेवा. श्रद्धांजलीच्या फलकावर हे अक्षर वापरू नये. धावते, ठसठशीत वळण दुःखाच्या घरी बरे दिसत नाही. जोडीचा सरळ फॉन्ट निवडताना जाड-बारीक फरक कमी असलेला निवडा, नाहीतर दोघे एकमेकांशी भांडतात.

गाडीवर लावताना बाजू पाहा. गाडीच्या उजव्या अंगाला उभे राहिले की तिचे तोंड बघणाऱ्याच्या उजवीकडे असते, म्हणून उजवीकडे झुकलेले अक्षर गाडीबरोबर पुढे धावते. डाव्या अंगाला तोंड बघणाऱ्याच्या डावीकडे. तिथे तेच अक्षर मागे रेलते, जणू ब्रेक दाबला आहे. त्या बाजूला अक्षर उलट झुकवू नका, ते चुकीचे लिहिल्यासारखे दिसते. डाव्या अंगाला सरळ रूप वापरा आणि तिरपे उजवीकडे व मागे.

भिंतीवर रंगवायचे असेल तर आधी दोरीने दोन आडव्या रेघा मारा. वरच्या रेघेवरची खूण खालच्या खुणेपेक्षा उंचीच्या एक पंचमांशाने पुढे, अशा खुणा फूटभर अंतराने करून खडूने जोडा. सगळा शब्द खडूने आखून झाल्याशिवाय ब्रश लावू नका. मधोमध बसवताना पायाच्या रेघेवर मध्य काढला तर तिरपा शब्द उजवीकडे कललेला वाटतो, म्हणून दहा इंच उंचीच्या शब्दाला एक इंच डावीकडे घ्या. आधी जाड दंड भरा, मग वळणे, आणि बारीक रेघा सगळ्यात शेवटी अरुंद ब्रशने एका झटक्यात ओढा. शिरोरेषा शब्दभर एकसंध ओढून घ्या, भ आणि ध च्या डोक्यावरचे खंड मात्र आधी खडूने खुणा करून सोडा. रंग एकदा तिथे गेला की जमिनीच्या रंगाने पुसलेला डाग उन्हाळ्यानंतर पुन्हा वर येतो.